ऋण काढून सण नको, ठीक. पण ऋण फेडताना सणच नको का?

हिशेबी_औसेकर

कर्ज फेडत असताना घरानं सहलीला जावं की नाही, यावर नुसत्या म्हणी फेकण्यापेक्षा एक नमुना घर घेऊन बोलू. जिल्हा परिषदेचा शिक्षक, राहायला लातूर. अंगावर एकूण १२ लाख: बँकेचं वैयक्तिक कर्ज ५ लाख (१४ टक्के, ६० महिने, हप्ता ११,६३४), पतपेढीचे ३ लाख, क्रेडिट कार्डाचे ९० हजार, महिन्याला शेकडा ३ ने घेतलेले हातउसने दीड लाख आणि गावाकडच्या शेतावरचं पीककर्ज १ लाख ६० हजार.

पतपेढीचा हप्ता पगारातूनच कापला जातो. तो जाऊन हातात ५८,०००. घरखर्च २७,०००. बँकेचा हप्ता, हातउसन्याचं व्याज ४,५०० आणि कार्डाचा ५ टक्के किमान भरणा ४,५०० जाऊन उरतात १०,३६६. पीककर्जाचं पीक बघेल.

माझं मत असं की या १०,३६६ मधून दरमहा १,२०० सहलीसाठी आवर्ती ठेवीत टाकावेत आणि उरलेले सगळे आधी कार्डावर, कार्ड संपलं की हातउसन्यावर. असं केलं तर दोन्ही साधारण साडेसतरा महिन्यांत संपतात. सहलीला काही न ठेवता हेच केलं तर १६ महिन्यांत. म्हणजे सहलीची किंमत दीड महिन्याचा उशीर आणि वर सहा-साडेसहा हजार व्याज. एवढ्यासाठी बायकापोरांनी दीड-दोन वर्षं घरात बसायचं का?

पतपेढीतला

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष उलटा काढलाय.

आधी कार्डाचा मामला. महिना ३.५ टक्के व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के. ९० हजारांवर ३,७१७ रुपये. किमान भरणा ४,५०० केला तर मुद्दलातून फक्त ७८३ कमी होतात. वर बाकी शिल्लक असताना त्याच कार्डावर किराणा घेतला तर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून पहिलं काम म्हणजे बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे ऑनलाइन आणि दुकानातले दोन्ही व्यवहार बंद करायचे.

आता तुमची आवर्ती ठेव. सहा-सात टक्के वर्षाला मिळणाऱ्या ठेवीत पैसे टाकायचे आणि त्याच वेळी महिन्याला चार टक्के भरायचे! साडेसतरा महिन्यांत ठेव होते २१ हजार. सगळा उरला पैसा फेडीला लावला तर १६ महिन्यांत दोन्ही कर्जं संपतात आणि त्यानंतर दरमहा १९,३६६ (उरणारे १०,३६६ आणि कार्ड-हातउसन्याचे ९,०००) मोकळे होतात. एका महिन्यात सहलीचे पैसे तयार, सतराव्या महिन्यात गाडीत बसा. म्हणजे ठेवीच्या वाटेनं जाणारा साडेसतराव्या महिन्यात निघतो, आधी फेडणारा सतराव्या. शिवाय सहा हजार वाचतात. मग बाजूला ठेवायचे कशाला?

गोदाकाठची

पतपेढीतले दादा, गणित पटलं. पण सोळा महिने घराला काहीच नाही असं ठरवलं की काय होतं ते कागदावर दिसत नाही. सातव्या महिन्यात उन्हाळ्याची सुट्टी लागते, पोरं रडतात, कुणीतरी ‘चला गोव्याला’ म्हणतं आणि बंद केलेलं कार्ड पुन्हा चालू होतं. ही घसरण अगदी पहिल्याच महिन्यात झाली आणि तेच २१ हजार कार्डावर खर्च केले तर फेड दोन महिने लांबते, म्हणजे ती सहल ३८,७०० ला पडते. घसरण्याची ही किंमत धरा, मग औसेकरांचे सहा हजार महाग वाटत नाहीत.

माझं म्हणणं, एक मोठी सहल आणि साठवण दोन्ही सोडा. दर चार महिन्यांनी ४,००० पर्यंतची एक छोटी सहल, पैसे त्याच महिन्याच्या उरलेल्यातून. मराठवाड्यात राहून यासाठी लांब जायची गरजच नाही. वेरूळ आणि अजिंठ्याला भारतीयांना तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. एसटीत बायकांना निम्मं भाडं, ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना मोफत. फक्त वार बघून निघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. बुधवार ते रविवार दोन्ही उघडी असतात. लातूरवाल्यांना खरोसा लेणी, औसा आणि उदगीरचा किल्ला एका दिवसात परत येण्याजोगे. पावसाळ्यात नळदुर्गचा नर-मादी धबधबा, किनवटकडे सहस्रकुंड.

उस्मानाबादी_शेळी

तिकीट ४० चं आणि पार्किंग, रसवंती, भेळ, टोपी मिळून ९००. ते पण धरा.

पतपेढीतला

शेळीताई, तुमचे ९०० धरूनच ४,००० म्हणताहेत त्या. याला माझी हरकत नाही. पण एक अट जामीनदाराच्या बाजूनं घालतो, कारण तो कुणाच्याच हिशेबात नाही.

पगारदार पतपेढीत दोन जामीनदार असतात आणि बहुतेक वेळा ‘तू माझा, मी तुझा’ असाच व्यवहार असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ खाली पगारातून कपात चालू असते तोवर सगळं शांत. कर्जदार बिनपगारी रजेवर गेला, निलंबित झाला किंवा कपात अर्धवट झाली की थकबाकी सुरू. मग कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि त्यात कर्जदाराच्या जोडीला जामीनदारांचीही नावं असतात. ज्याच्या जामीनदाराचा पगार कापला जातोय त्यानं महाबळेश्वरचे फोटो स्टेटसला टाकले की शाळेत काय होतं हे सांगायला नको. तेव्हा थकबाकीत एकही हप्ता असेल तर छोटी सहलसुद्धा नाही. बँकेकडेही तसंच आहे. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, पण सिबिलवर उशीर त्याच्या बराच आधी दिसतो.

खरिपाचा_पैसा

तुम्ही सगळे पगारी हिशेब करायलाव. आमच्याकडं पैसा दरमहा येत नाही. सोयाबीनचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापूस-तुरीचा जानेवारीपर्यंत, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. कायद्यानं १४ दिवसांत द्यायचं असतं, पण ते कागदावर.

हातात गठ्ठा पैसा दिसतो तो दिवाळीच्या सुमाराला आणि सहली तेव्हाच ठरतात. चूक तिथंच होते, कारण तो पैसा आपला नसतोच. खरीप पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं, केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून. तारीख हुकली की सवलत गेली. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लोक नवंजुनं करायला, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं घ्यायला, १ लाख ६० हजार शेकडा ३ ने उचलतात. बोली आठ दिवसांची असते, पण बँक नवं कर्ज खात्यावर टाकायला महिना लावते. गेले ४,८०० रुपये, फक्त महिनाभर नाव फिरवायला.

म्हणून शेतीवाल्यानं सहल एप्रिल-मेमध्ये ठेवावी, पीककर्जाचं नवंजुनं होऊन पैसे खात्यावर आल्यावर. आणि नव्या पीककर्जातून नाही बरं का, ते बियाणं-खताचं आहे.

हिशेबी_औसेकर

पतपेढीतल्या साहेबांचा ठेवीवरचा मुद्दा मान्य. २१ हजार साठवायची माझी सूचना मागं घेतो, ताईंची चार महिन्यांची पद्धत बरी.

पण ‘सगळा उरला पैसा फेडीला’ हेही मला पटत नाही. २५-३० हजार आधी बचत खात्यात वेगळे हवेतच. ते नसतील तर पहिल्याच दवाखान्याच्या बिलाला पुन्हा कार्ड निघतं. अडीच-तीन महिने त्यातच जातील, जाऊ द्या.

अजून एक. कार्ड आणि हातउसने मिळून २ लाख ४० हजारांवर महिन्याला ८,२१७ रुपये व्याज चाललंय. घरात सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारण १० टक्क्यांच्या आसपास धरा, तेच व्याज २,००० वर येतं. १९,३६६ दरमहा भरले तर १३ महिन्यांत काम संपतं, म्हणजे तीन महिने आधी. सहल तिथून काढा की! दागिना कपाटात ठेवून शेकडा ३ भरण्यात कसली प्रतिष्ठा आहे ते मला कधी कळलं नाही.

पतपेढीतला

सोनेतारण चांगलं, पण त्यात दोन खड्डे. एक, ते बहुतेक वर्षाच्या शेवटी एकरकमी भरायचं असतं. दरमहा भरत गेलं नाही तर बाराव्या महिन्यात अडीच लाखांहून जास्त उभे राहतात आणि लिलावाची नोटीस येते. दुसरं, कार्ड रिकामं झालं की ‘आता लिमिट आहे’ असं वाटतं. सोन्याच्या पैशानं कार्ड फेडाल त्याच दिवशी लिमिट कमी करून घ्या.

गोदाकाठची

‘आधी फिरा, नंतर हप्त्यानं भरा’ या जाहिरातींबद्दल कुणी बोललं नाही. त्यात ‘फक्त १२ टक्के’ लिहिलेलं असतं ते सपाट दरानं. १ लाखावर ३ वर्षांत ३६ हजार व्याज, हप्ता ३,७७८. घटत्या शिल्लकीवर तोच दर २१ टक्क्यांच्या वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला एक मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं. त्यात प्रक्रिया शुल्कासकट वार्षिक दर छापलेला असतो. सही करायच्या आधी फक्त तो एक आकडा वाचा.

उस्मानाबादी_शेळी

सहलीच्या ४,००० वर एवढी चर्चा आणि लग्नसराईतल्या आहेरावर कुणीच नाही. एप्रिल-मेमध्ये अकरा लग्नं, प्रत्येकी ५०१ आणि भर कपड्यांची. ते घरखर्चाच्या २७ हजारांत कुठं बसतंय?

हिशेबी_औसेकर

बसत नाही. त्या दोन महिन्यांत फेडीचा आकडा खाली येणार, ते आधीच मांडून ठेवावं.

खरिपाचा_पैसा

शेवटचं कर्ज राहिलं की मग मोठी सहल काढायला काय हरकत? बँकेचे ५ लाख तर चालूच राहणार.

पतपेढीतला

तेव्हा काढा. तिथं सहल जितकी उशिरा तितकी स्वस्त. १४ टक्क्यांच्या कर्जात २५ हजार अगदी सुरुवातीला भरले तर शेवटचे चार हप्ते वाचतात. २० हप्ते उरलेले असताना तेच भरले तर पावणेतीन. जादा रक्कम भरताना मात्र बँकेला लेखी द्या की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, नाहीतर ती हप्ता कमी करू शकते आणि व्याज कमी वाचतं. कर्ज स्थिर दराचं असेल तर मुदतपूर्व फेडीचं शुल्कही करारात बघून घ्या.

आणि हातउसने संपवताना जास्त जपा. मध्येच दिलेली रक्कम सावकार व्याजात जमा धरतो, म्हणून प्रत्येक वेळी ‘मुद्दलापोटी’ असं लिहून सही घ्या. शेवटच्या दिवशी कोरे धनादेश आणि बाँड परत घेतल्याशिवाय पैसे मोजून देऊ नका. अडवाअडवी झाली तर तालुक्याला सहकारी संस्थांचे सहायक निबंधक, जिल्ह्याला उपनिबंधक. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तक्रार तिथं घेतात. बँक आणि पतपेढीकडून बेबाकी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला घ्या, आणि जामीनदारांना त्याची एकेक झेरॉक्स द्या.