नागपुरात देशपातळीवरची प्रोग्रामिंग स्पर्धा घ्यायची आहे, नोकरी करणाऱ्या डेव्हलपर्ससाठी. सुरुवात कुठून करू?

तर्री_टर्मिनल

नमस्कार मंडळी, तीन महिन्यांपासून एक गोष्ट डोक्यात घेऊन बसलोय, आता लिहूनच टाकतो. आम्ही सात जण आहोत, सगळे इथलेच डेव्हलपर, तिघं मिहानमधल्या आयटी कंपन्यांत, दोघं आयटी पार्कात, दोघं घरूनच बाहेरच्या क्लायंटचं काम करतात. महिन्यातून एकदा भेटतो, तर्री पोहे खातो, एकमेकांचा कोड फाडतो. मागच्या वेळी विषय निघाला की शाळेतल्या पोट्ट्यांना ऑलिम्पियाड आहे, कॉलेजवाल्यांना आयसीपीसी ही जागतिक टीम स्पर्धा आहे, २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन आहे, पण नोकरीला लागलेल्याने काय करायचं? कोडफोर्सेस नाहीतर कोडशेफ असल्या ऑनलाइन स्पर्धांच्या साइटवर रात्री एकटं बसायचं, बस. समोरासमोर बसून, घाम गाळून, शेजारच्या टीमचा (प्रॉब्लेम सुटला की मिळणारा) फुगा पाहून जळायची मजा कॉलेजबरोबरच संपते.

म्हणून ठरवलं की आपणच घ्यायची. नाव देशपातळीवरचं, ठिकाण नागपूर. सध्याचा कच्चा प्लॅन असा: ३०० टीम, तिघा-तिघांच्या, दोन दिवस, डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात (हवा मस्त असते), पहिलं बक्षीस १ लाख. हॉलसाठी एका कॉलेजशी बोलणं चालू आहे. प्रॉब्लेम सेट वगैरे नंतर बघू, आधी हॉल आणि स्पॉन्सर फायनल करू म्हणतोय. प्लॅटफॉर्म कोणता घ्यावा, आणि डिसेंबर ठीक आहे ना, एवढं सांगा. शिव्या पण चालतील.

बफर_ओव्हरफ्लो

भाऊ, शिव्या चालतील म्हणालास म्हणून सांगतो, तू उलटं करून राहिला. हॉल चार फोनमध्ये मिळतो, प्रॉब्लेम सेट चार महिन्यांत पण होत नाही.

मी कॉलेजात असताना अशीच एक स्पर्धा घेतली होती, कॉलेजचं नाव राहू दे. बॅनर १२ फुटी, उद्घाटनाला पाहुणे, नाश्ता फर्स्टक्लास. टेस्टच्या, म्हणजे कोड तपासायच्या इनपुटच्या, फाइल एका पोट्ट्याने आदल्या रात्री विंडोजवर बसून बनवल्या. आता ज्यांना माहीत आहे ते हसत असतील: विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर ठेवतं, पायथॉन ते गुपचूप गिळून टाकतो, पण सीप्लसप्लसमध्ये गेटलाइन या फंक्शनने ओळ वाचली की ते अक्षर शेपटीसारखं चिकटून येतं. झालं, पायथॉनवाले पास आणि तेच लॉजिक सीप्लसप्लसमध्ये लिहिलेले फेल. पाऊण तास आम्हाला कळलंच नाही, पोट्टे टेबलं वाजवून राहिले, शेवटी सगळं रीजज केलं, म्हणजे परत तपासलं, तेव्हा पहिला नंबर नवव्यावर गेला. त्या पहिल्या नंबरवाल्याचा चेहरा मला अजून आठवतो.

तर आधी माणसं शोध. प्रत्येक प्रॉब्लेमला एक लिहिणारा आणि किमान दोन असे टेस्टर की ज्यांनी लिहिणाऱ्याचं सोल्युशन बघितलेलं नाही. कोडफोर्सेसवाल्यांचं पॉलिगॉन हे प्रॉब्लेम बनवायचं टूल फुकट आहे, त्यात व्हॅलिडेटर लिहिता येतो, म्हणजे प्रश्नात तू इनपुटचा आकडा एन १ लाखापर्यंत म्हटलंस आणि फाइलमध्ये चुकून १० लाख गेलं तर ते तिथेच अडवतं. हा व्हॅलिडेटर आळस करून सोडू नको, निम्मी भांडणं इथेच मिटतात. आणि प्रत्येक प्रॉब्लेमला मुद्दाम चुकीची, मुद्दाम हळू अशी दोन-तीन सोल्युशन लिहून ठेवायची, ती फेल झाली पाहिजेत. ती पास झाली तर तुझे टेस्ट कच्चे.

कोड तपासणारा जज म्हणशील तर डोमजज घे. ओपन सोर्स आहे, लिनक्सवर चालतं, आयसीपीसीवाले वापरतात, लॅनवर चालवलं की बाहेरचं नेट गेलं तरी तुझं काही अडत नाही. पण गणित आधी मांड. समज एका प्रॉब्लेमला ४० टेस्ट, टाइम लिमिट २ सेकंद, म्हणजे एका सबमिशनला जास्तीत जास्त ८० सेकंद. शेवटच्या १० मिनिटांत सगळे घाबरून सबमिट करतात, ६० सबमिशन आले तरी ४,८०० सेकंद, म्हणजे एकाच मशीनवर ८० मिनिटांचं काम. दहा मिनिटांतच निपटवायचं तर ८ जज मशीन पाहिजे, आणि आठही सारख्याच प्रोसेसरच्या. एक नवी, सात जुन्या असं केलं तर तोच कोड एका मशीनवर पास आणि दुसरीवर टाइम लिमिट, मंग बस समजावत.

आणि ३०० टीम म्हणजे ९०० माणसं. ३०० कॉम्प्युटर, ३०० प्लग पॉइंट, जनरेटर. त्या कॉलेजात आहे का एवढं एका छताखाली?

पुण्यातली_नागपूरकर

दादा, तुम्ही खरंच नागपूरचे आहात ना? 😄 डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात हिवाळी अधिवेशन असतं हो! सगळं मंत्रालय, आमदार, त्यांचे पीए, मोर्चे, पोलीस, सगळे नागपुरात. वर्धा रोडचं हॉटेल सोडा, धर्मशाळेत खोली मिळाली तरी नशीब, आणि भाडं विचारूच नका. त्यात बर्डीवर (सीताबर्डीला) मोर्चा अडवलेला असला की बाहेरगावची टीम स्टेशनवरच अडकली समजा.

मेमध्ये पण नको, ४५ डिग्रीत एसी आणि कॉम्प्युटर एकाच फेजवर टाकले की काय होतं ते प्रत्येक नागपूरकराला माहीत आहे. जानेवारीचा दुसरा पंधरवडा बघा, संक्रांत झाली की. थंडी असते, कॉलेजच्या परीक्षा बहुतेक झालेल्या असतात म्हणून लॅब रिकाम्या. फक्त प्रजासत्ताक दिनाला चिकटून घेऊ नका, त्या विकेंडला पुण्याहून नागपूरची तिकिटं दोन महिने आधीच वेटिंगला जातात, आणि ट्रॅव्हल्सवाले तर विमानाचे भाव लावतात, हे मी दर वर्षी भोगते.

अजून एक. नोकरीवाल्याला दोन दिवसांची सुट्टी मागायला लावू नका. शनिवारी दुपारी पोहोचा, संध्याकाळी सराव फेरी, रविवारी सकाळी ९ ते २ स्पर्धा, ४ ला बक्षिसं, रात्रीची गाडी पकडून सोमवारी ऑफिस. आयसीपीसीचे ५ तास आहेत ते उगाच नाहीत, त्यात बसतं सगळं. आणि जागा मेट्रोजवळची घ्या, म्हणजे बाहेरच्यांना ऑटोवाल्यांशी भांडायला नको, दोन्ही लाइन बर्डीलाच मिळतात.

तर्री_टर्मिनल

ताई, मान्य, अधिवेशन डोक्यातूनच गेलं होतं 🙏 घरून काम करण्याचे परिणाम. जानेवारी पक्का. @बफर_ओव्हरफ्लो भाऊ, ३०० चा आकडा बॅनरसाठीच होता हे कबूल करतो. ऑनलाइन फेरी घेऊन ५०-६० टीम नागपूरला बोलवल्या तर?

नल_पॉइंटर_४४००१०

ऑनलाइन फेरी घ्या, पण मग तिथे नक्की काय तपासणार ते सांगा. २०२५ च्या आयसीपीसी वर्ल्ड फायनलला, बाकूला, ओपनएआयच्या मॉडेलने १२ पैकी १२ प्रॉब्लेम सोडवले आणि गुगलच्याने १०. माणसांत १२ च्या १२ कोणालाच जमले नाहीत. तर घरी बसलेल्या टीमने दुसऱ्या टॅबमध्ये काय उघडलंय ते तुम्ही कसं धरणार? स्टॅनफर्डचं मॉस हे कॉपी पकडायचं सॉफ्टवेअर दोन टीमचे कोड एकमेकांशी जुळतात का तेवढंच दाखवेल, मॉडेलने दर वेळी वेगळं लिहून दिलं तर ते काय करणार बिचारं.

आणि मला मुळातच एक शंका आहे. तुम्ही म्हणता डेव्हलपर्ससाठी, आणि घेऊन राहिले सेगमेंट ट्रीसारखी पुस्तकी डेटा स्ट्रक्चर. मी ११ वर्षं काम करून राहिलो, पगारासाठी एकदाही सेगमेंट ट्री लिहिला नाही. माझा दिवस जातो दुसऱ्याने लिहिलेल्या ४०,००० ओळींत एक बग शोधण्यात. ती स्पर्धा घ्या ना! एक बरा मोठा प्रोजेक्ट द्या, त्यात दहा-बारा बग पेरा, एक दोन जागी मुद्दाम हळू क्वेरी ठेवा, आणि छुप्या टेस्टवर मार्क द्या. कॉलेजचा टॉपर आणि मिहानमधला दहा वर्षं घासलेला माणूस, दोघं एका लाइनीत येतील. सगळ्या देशात शंभर अल्गोरिदम स्पर्धा आहेत, एकशेएकावीसाठी बंगलोरचा माणूस नागपूरला काहून येईल?

बफर_ओव्हरफ्लो

हे खरं बोलला. मला आवडलं. पण राजेहो, हे बनवायला अल्गोरिदमपेक्षा जड आहे, स्वस्तात होईल असं समजू नका. नेट बंद ठेवणार ना? मग सगळ्या लायब्ररी आधीच मशीनवर पाहिजे, जावावाल्यांना मेव्हनचा लोकल मिरर (मशीनवरची कॉपी), जेएसवाल्यांना एनपीएमचा, डॉक्युमेंटेशनची ऑफलाइन कॉपी, नाहीतर पहिला तास बिल्ड फेल बघण्यातच जाईल. आणि तोच प्रोजेक्ट तीन भाषांत लिहावा लागेल, तिन्हीत बग सारख्याच अवघडपणाचे. तीन भाषांच्या वर जाऊ नका. पीएचपीवाले चिडतील, चिडू द्या.

माझं म्हणणं, पहिल्या वर्षी ३ तास बगवाला राउंड आणि २ तास ५ सोपे-मध्यम अल्गोरिदम प्रॉब्लेम. अल्गोरिदमला आयसीपीसीसारखी पेनल्टी ठेवा, सुटलेल्या प्रॉब्लेमवर प्रत्येक चुकीच्या सबमिशनला २० मिनिटं. स्कोअरबोर्ड मात्र शेवटचा अर्धा तास फ्रीज करा, म्हणजे नवे निकाल लपवा, सगळी मजा त्यातच आहे.

हिशोबनीस

तुम्ही सगळे टेक्निकल बोलून राहिले म्हणून पैशाचं मी बोलतो. स्पॉन्सर कंपनी चेक देताना विचारते, कोणाच्या नावाने? सात मित्रांच्या नावाने कोणी देत नाही, एकाच्या सेव्हिंग अकाउंटवर घेतले तर त्याच्याच उत्पन्नात धरले जातील आणि वर्षभर तो नोटिशीला घाबरून राहील. एक तर संस्था रजिस्टर करा, नाहीतर एखाद्या कॉलेजला यजमान करा आणि पैसा त्यांच्या खात्यात घ्या. जीएसटीचं, आणि १०,००० च्या वरच्या बक्षिसावरच्या टीडीएसचं सीएला पोस्टर छापायच्या आधी विचारा. "१ लाख" छापलं आणि विजेत्याच्या हातात त्याहून बरंच कमी पडलं की तो स्टेजवर हसेल आणि घरी जाऊन इंटरनेटवर लिहील.

तसंही एकच मोठं बक्षीस कशाला? नोकरीवाला १ लाखासाठी नागपूरला येत नाही हो, तिघांत वाटून किती उरतात. पहिल्या २० टीमला येण्याजाण्याचं भाडं द्या, राहायची सोय करा, खायला बरं द्या. शनिवारी रात्री सावजी ठेवा, फक्त बाहेरच्यांना आधी सांगा किती तिखट असतं ते, नाहीतर रविवारी सकाळी निम्मी टीम जागेवर नसेल.

पुण्यातली_नागपूरकर

सावजी शनिवारी रात्री अजिबात नको!! बक्षीस वाटून झाल्यावर ठेवा 😂

तर्री_टर्मिनल

सगळ्यांचे आभार. काल सातही जण बसलो, प्लॅन बराच फाटला. आता असं: या जानेवारीत फक्त नागपूर आणि विदर्भातल्या २० टीम, एकच रविवार, बगवाला राउंड अर्ध्या आकाराचा, भाषा दोनच, जावा आणि पायथॉन. जज कोसळला तर आपल्याच लोकांसमोर कोसळेल. ते नीट झालं तरच पुढच्या जानेवारीत बाहेरच्यांना बोलवायचं, ६० टीमच्या वर नाही, आणि ऑनलाइन फेरी फक्त नाव छाटायला, तिचे मार्क फायनलला धरायचे नाहीत. "देशपातळी" शब्द पोस्टरवरून सध्या काढला, आमच्यातला एक जण त्यावर अजून रुसून आहे. पैसे कॉलेजमार्फत, सीएची अपॉइंटमेंट घेतली.

@नल_पॉइंटर_४४००१० भाऊ, ४०,००० ओळींवाली आयडिया तुमची, तर बग पेरायला तुम्हीच या. आम्हाला असा माणूस पाहिजे ज्याने आमचं सोल्युशन बघितलेलं नाही. पुढच्या शनिवारी सकाळी ८, आयटी पार्कसमोरचा पोहेवाला, तर्री माझ्याकडून.

नल_पॉइंटर_४४००१०

८ ला नाही, ९ ला. आणि तर्री जास्तीची.