मदत हवी आहे: मुलाचा राग रक्तातूनच आला असेल तर काय करायचं?

अबोली_७
आज पुन्हा शाळेतून फोन आला. बाकावरच्या मुलाला चावला. घरी वस्तू फेकतो, नाही म्हटलं की जमिनीवर लोळण. सासूबाईंचं एकच, "खाण तशी माती, याचा काकाही असाच होता." आनुवंशिक असेल तर औषध लागतं की समुपदेशन? लवकर सांगा, शनिवारी शाळेत बोलावलंय.

कृष्णाकाठ
वय किती? कधीपासून? घरी आणखी कोण लहान?

सुगरण_मावशी
साखर, मैदा बंद कर गं. नाचणीची आंबील दे. माझा नातू तीन आठवड्यांत शांत झाला.

कृष्णाकाठ
मावशी, साखरेने मुलं चेकाळतात हे चाचण्यांत टिकलेलं नाही.

सुगरण_मावशी
मी डोळ्यांनी पाहिलंय ते खोटं कसं म्हणू?

पिंपळपान
बोर्ड कुठलं? आमच्या मुलाला सेमी-इंग्रजीत घातल्यावर फरक पडला.

मानस_विद्यार्थी
मी मानसशास्त्रात एम.ए. करतोय. जुळ्यांच्या अभ्यासांत एडीएचडीचा (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आनुवंशिक वाटा सुमारे ७४ टक्के येतो. पण तो आकडा लोकांमधल्या फरकाचा आहे, तुमच्या मुलाचा राग ७४ टक्के रक्तातून आला असा अर्थ नाही. न्यूझीलंडमधल्या डनेडिनला १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारेक मुलांचा अजून पाठपुरावा चालू आहे. तिथल्या २००२ च्या निबंधात एमएओए (मेंदूतली काही रसायनं मोडण्याशी संबंधित) जनुकाचा कमी क्रियाशील प्रकार असलेले मुलगे पाहिले. त्यांतल्या ज्यांचे लहानपणी हाल झाले, तेच जास्त आक्रमक निघाले. नुसत्या जनुकाने तसं झालं नाही. एका जनुकाचा परिणाम मात्र लहानच असतो, म्हणून जनुकचाचणीवर पैसे घालवू नका.

अबोली_७
पाच वर्षं आठ महिने. जूनपासून. धाकटी चार महिन्यांची आहे. तो रात्री घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो. चावला की हे त्याला मारतात, कधी मीही. दिरांनाही सासरे पट्ट्याने मारायचे.

वाशीकर७१
आम्हीही मार खाल्ला. बिघडलो का?

निवृत्त_बाई
वाशीकर, मी तीस वर्षं पहिलीला शिकवलं. मार खाऊन गप्प बसणारी मुलंही पाहिली आणि त्याच माराने पेटणारीही. अबोली, तुझं शेवटचं वाक्य पुन्हा वाच. सासूबाईंना काकाचं रक्त आठवतं, काकाच्या पाठीवरचा पट्टा आठवत नाही. त्या घरातून दोन्ही खाली आलं. तापट मूल मोठ्यांना चिडवतं, मोठे मारतात, मूल आणखी तापतं. यातलं मारणं तुमच्या हातात आहे. ते आजपासून थांबवा.

मानस_विद्यार्थी
बाईंशी सहमत. घोरणं आधी कान-नाक-घसातज्ज्ञाला दाखवा. ॲडेनॉइडमुळे (नाकामागच्या वाढलेल्या गाठीमुळे) झोप मोडली तरी मुलं अशीच चिडचिडी आणि अस्वस्थ होतात. सहा वर्षांखाली पहिली पायरी औषधाची नसून आईवडिलांच्या प्रशिक्षणाची असते. जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी' (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं सरकारी केंद्र) आहे का विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सुगरण_मावशी
बाळ झोपलं की रोज पंधरा मिनिटं फक्त त्याला दे. नातवालाही बहीण झाली होती तेव्हा.

कृष्णाकाठ
मावशी, हे आधी सांगायचं ना!

अबोली_७
यांना धागा वाचायला दिला. काही बोलले नाहीत, पण आज त्याला झोपवायला स्वतः गेलेत. शनिवारी बाईंना बाळाचं आणि घोरण्याचं सांगते. माराचंही सांगू का? त्यांना सांगितलं तर त्याचं नाव खराब होईल का?

निवृत्त_बाई
सांग. नाव त्याचं नाही खराब होत. मी बाई असते तर मला ते कळायला हवं होतं.