शब्दचर्चा : ‘ऐकू येणे’, ‘ऐकणे’ आणि देवाची वाणी

प्रश्न (परभणी) : आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनासभेत साक्ष देताना, म्हणजे आपला श्रद्धेचा अनुभव सांगताना, पुष्कळ जण ‘मी देवाची वाणी ऐकली’ असे सांगतात. माझी आजी मात्र ‘देवानं आवाज दिला’ असे म्हणते आणि वाणी ऐकल्याची भाषा स्वतःबद्दल कधीच वापरत नाही. हा केवळ बोलीचा फरक आहे की अर्थाचाही?

उत्तर (जालना) : फरक अर्थाचा आहे, आणि आजींचा शब्द मला अधिक नेमका वाटतो. आपल्याकडे ‘आवाज देणे’ म्हणजे हाक मारणे. बांधावरून कोणी आवाज दिला की आधी ओ द्यायची आणि मग कशाला बोलावले ते विचारायचे, हा क्रम आपण लहानपणीच शिकतो. बायबलमधील ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात नेमके हेच घडते. रात्री हाक ऐकून लहानगा शमुवेल उठतो आणि ज्याच्या हाताखाली तो सेवा करतो त्या याजक (पुरोहित) एलीनेच आवाज दिला असे समजून त्याच्याकडे धावत जातो, तेही एकदा नव्हे, तीनदा. त्याच्या तोंडी असलेला मूळ हिब्रू शब्द ‘हिन्नेनी’, म्हणजे अक्षरशः ‘हा मी’, याला आपल्या ‘ओ’इतका जवळचा दुसरा शब्द मला सापडत नाही. ती हाक देवाची आहे हे शमुवेलाला कळलेच नव्हते. ते दृष्टी मंदावलेल्या म्हाताऱ्या एलीने ओळखले, आणि पुढे जो निरोप मिळाला तो त्याच एलीच्या घराण्याविरुद्ध होता. साक्ष देताना आपण कथेचा हा भाग बहुधा गाळतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता क्रियापदाकडे वळू. ‘मला आवाज ऐकू येतो’ या वाक्यात कर्ता आवाज आहे. तो आपण होऊन येतो, आणि त्यात माझे कर्तृत्व काहीच नसते. ‘मी आवाज ऐकतो’ असे म्हटले की लक्ष देण्याचे काम माझ्याकडे येते. मात्र ‘मी त्याचे ऐकतो’ अशी षष्ठी आली की अर्थ थेट आज्ञा पाळण्यापर्यंत पोहोचतो. ‘पोरगं आईचं ऐकत नाही’ या तक्रारीत पोराच्या कानांत काहीच दोष नसतो. हिब्रू ‘शामा’ या धातूत ऐकणे आणि पाळणे हे दोन्ही अर्थ असेच एकत्र नांदतात, आणि नव्या करारातील आज्ञापालनाचा ग्रीक शब्द ‘हुपाकुओ’ तर ‘खाली’ आणि ‘ऐकणे’ या दोन शब्दांचाच जोड आहे. म्हणून ‘देवाची वाणी ऐकली’ असे कोणी म्हणाले, तर ती ऐकू आली की तिचे ऐकले, हा प्रश्न मराठीत तरी सुटत नाही.

या संदर्भात ‘शुश्रूषा’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आपण तो रुग्णाच्या सेवेसाठी वापरतो, परंतु संस्कृतात तो ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपावरून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. माझी आई दवाखान्यात रात्रपाळी करीत असे. मी लहानपणी तिच्याबरोबर गेलो असता पाहिले आहे, की दिवा मंद केल्यावर ती खाटेच्या कडेला हात ठेवून नुसती बसून राही, आणि रुग्णाच्या श्वासाची लय किंचित बदलली की त्याने काही मागण्याआधीच पाण्याचा चमचा त्याच्या ओठांशी नेई. प्रार्थनेला बसताना मला ती खाट आठवते.

‘वाणी’ या शब्दाचे वजनही लक्षात घ्यावे. संतवाणी, देववाणी, आकाशवाणी अशा शब्दांमुळे वाणी म्हणजे काहीतरी गंभीर आणि मोठ्याने घुमणारे, अशी आपली समजूत होते. बायबलमधील ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मात्र वारा, भूमिकंप आणि अग्नी यांपैकी कशातही परमेश्वर नाही, आणि त्यानंतर जी वाणी होते तिच्यासाठी हिब्रूत ‘दमामा’ म्हणजे निःशब्दता आणि ‘दक्का’ म्हणजे बारीक, तलम, असे शब्द आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरातील गावे जमीनदोस्त झाली. लातूर-धाराशिवच्या माणसाला हा अध्याय कोरडेपणाने वाचता येत नाही, आणि त्या भूकंपाला देवाचे बोलणे म्हणणाऱ्याने तो आधी सावकाश वाचावा.

प्रश्न (परभणी) : मग साक्षीत काय म्हणावे? ‘देव मला बोलला’ हे अजिबात म्हणूच नये काय?

उत्तर (जालना) : म्हणू नये असे नाही. शास्त्रवचन वाचताना एखादी ओळ काळजाला भिडली, तर ते वचन सांगावे आणि ‘यातून देव मला अमुक सांगत आहे असे मला वाटते, तुम्हीही पारखून पाहा’ असे जोडावे. ‘पारखणे’ हे क्रियापद मी मुद्दाम सुचवतो, कारण नव्या करारातील ‘थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र’ यात सर्व गोष्टींची पारख करण्यास सांगितले आहे, आणि सराफ जसा नाणे स्वतःच्या हातावर घेऊन पाहतो तसे मंडळीने साक्ष हातात घेऊन पाहावी, असा अर्थ त्या शब्दातून आपोआप उमटतो. बीड, नांदेड, हिंगोलीकडील जुनी माणसे अशा वेळी आणखी कोणते शब्द वापरतात, ते तिथल्या वाचकांनी अवश्य लिहावे.