लांबच्या ट्रिपसाठी लोअरिंग लिंक टाकू नका, सीट तासा (माझं मत, पटत नसेल तर बोला)

अंबाजोगाईकर_४११

राम राम मंडळी. ॲडव्हेंचर बाईक घेतलेल्या कमी उंचीच्या माणसाला आपल्याकडं पहिला सल्ला भेटतो तो म्हणजे लोअरिंग लिंक टाक, म्हणजे मागच्या शॉकची जोडपट्टी बदलून गाडी खाली आण, आणि माझं म्हणणं आहे की हा सल्ला चुकीचा आहे, निदान ज्याला सामान बांधून दहा-बारा दिवस लांब जायचंय त्याला तरी.

मी पाच फूट चार इंच, गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, सेकंडहँड. सीट कागदावर ८०० मिलिमीटर, वजन १९९ किलो आणि माझे निस्ते चवडे टेकायचे. घेऊन आठ दिवस झाले नसतील, मुकुंदराजाच्या समाधीकडं उतरताना उतारावर थांबलो, डावा पाय टाकला तिथं नेमका खड्डा, गाडी आडवी. मग घाबरून एका गॅरेजमधी लिंक टाकून घेतली, मागून दीडेक इंच खाली आली, दोन्ही पाय टेकले, लई बरं वाटलं.

मग एकेक निघायला लागलं. साइड स्टँड होतं तेवढंच लांब, त्यामुळं गाडी स्टँडवर जवळजवळ सरळच उभी राहायची. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहा प्यायलो होतो, वाऱ्याची एक झुळूक आली आणि उजवीकडं गेली, ब्रेकचं लिव्हर तुटलं. मागून खाली आणि पुढून आहे तशी म्हणल्यावर हेडलाइट वर बघायला लागला. आता आपल्याकडं हे किती महागात पडतंय ते बघा. समृद्धीवर टू व्हीलरला बंदी, म्हणजे रात्र झाली तरी आपण जुन्याच रस्त्यानं, आणि कारखाने चालू झाले की त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, कित्येकीला मागं ना लाल लाइट ना रिफ्लेक्टर. माझा उजेड झाडाच्या शेंड्याला आणि ट्रॉली वीस फुटावर. केजच्या अलीकडं निव्वळ नशिबानं वाचलो. घरी येऊन दोन दिवस गाडीला हात लावला नाही.

लिंक काढली. सीटवाल्याकडं गेलो, त्याला म्हणलं उंची लई कमी करू नको, पुढं टाकीजवळ दोन्ही कडा तास, कारण रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय सरळ खाली पडतच नाहीत, तिथंच इंचभर जातो. त्यानं रेक्झिन उचकटलं, पत्ती घेऊन कडा उतरवल्या, मला तीनदा बसवून बघितलं आणि मग पिना मारल्या. बाराशे रुपये घेतले. जाड सोलचे बूट घेतले. आता एक पाय पूर्ण टेकतो, दुसऱ्याचा चवडा. गाडीची चाल कंपनीनं दिली तशीच. एवढं बास आहे.

गोदाकाठ_नांदेड

दादा, तुमच्या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या गॅरेजवाल्यानं काम अर्धवट सोडलं म्हणून झाल्यात, त्याचं खापर लिंकवर कामून?

मी पाच फूट एक इंच, वजन ४८ किलो. गाडी हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही, सीट ८२५. आता एक गोष्ट पुरुष रायडर कधीच धरत नाहीत ती सांगते. कागदावरची सीटची उंची रिकाम्या गाडीची असती. पंच्याहत्तर-ऐंशी किलोचा माणूस बसला की सस्पेन्शन चांगलं बसतं आणि गाडी आपोआप खाली येते. मी बसले तर ती हलतबी नाही. म्हणजे तुम्हाला जी गाडी ७९० ची लागती ती मला ८१५ ची लागायली. मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सगळ्यात मऊ करून बघितला, बोटभरसुद्धा फरक नाही.

सीटबी तासून बघितली, आधी तेच केलं. फोम इतका काढला की खाली प्लास्टिकचा पाट लागायला लागला. नांदेडहून माहूरला जाऊन आले आणि तीन दिवस माकडहाड धरून बसले. त्यातून सीट पुढं उतरती झाली, प्रत्येक ब्रेकला टाकीवर घसरायचे. लांबच्या ट्रिपला सीट तासा म्हणणाऱ्यानं तासलेल्या सीटवर चारशे किलोमीटर बसून मग बोलावं.

मग लिंक टाकली, पण मागं जेवढं उतरलं त्या हिशोबानं पुढचे फोर्क, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन नळ्या, त्यांच्या क्लॅम्पमधून (पकडीतून) वर सरकवून पुढूनबी उतरवली, स्टँड कापलं, हेडलाइट भिंतीवर मारून परत सेट केला, चेनचा ताण बघितला. दीड वर्ष झालं, रोज किनवटच्या बाजूनं जाणं-येणं आहे, एकदाबी पडले नाही. त्याच्या आधी महिन्यातून दोनदा पडायचे, तेबी उभ्या गाडीवरून, लोकांसमोर.

उदगीरी_रायडर

दोन्ही पाय टेकायची गरजच काय ताई? थांबताना बूड एका बाजूला सरकवायचं, एक पाय खाली, दुसरा ब्रेकवर. रॅली चालवणारे याहून उंच सीटवर असंच थांबतात. शिकायला महिना लागतो, पैसा शून्य.

गोदाकाठ_नांदेड

भाऊ, करते की तेच. पण उतारावर, खडीवर, मागं बॅगा बांधलेल्या आणि समोरून एसटी आली म्हणून मधीच थांबावं लागलं तर सरकायला वेळ कुठला? रॅलीत थांबतात कितीदा आणि आपण वजिराबादच्या ट्रॅफिकमधी थांबतोत कितीदा. ज्याचे पाय टेकतात त्यालाच हे सोपं वाटतंय. मी रागानं बोलत नाही, पण हे वाक्य ऐकून दोन मैत्रिणींनी गाडी विकली.

जालना_विमा

मी अपघाताच्या क्लेमची कामं बघतो म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हीचा अर्थ हाच की कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाईल असा बदल चालत नाही. लिंक, हँडल, जादा लाइट, काहीही करायच्या आधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. अपघात त्या बदलामुळं झाला असं दिसलं तर भांडत बसावं लागतं, आणि ते भांडण घरच्यांच्या वाट्याला येतं. या हिशोबानं मी अंबाजोगाईकरांच्या बाजूनं. हिमालयन ४५० ला तर कंपनीच कमी उंचीची सीट देती, ८२५ ची ८०५ होती. असा कंपनीचा पर्याय असेल तर आधी तो घ्या.

लातूर_लेथ

मी लेथवर बसतो, लिंका करून द्यायची मागणी आठवड्याला एक तरी येती. सगळ्यांना देत नाही, कारण सांगतो.

लिंक लांब केली की मागचं चाक गाडीच्या पोटात वर सरकतं. शॉक पूर्ण दबायचं अंतर मात्र तेवढंच राहतं. म्हणजे मोठ्या खड्ड्यात शॉक पूर्ण दबला की चाक कंपनीनं धरलं होतं त्याच्यापेक्षा वर जाणार, आणि तिथं मडगार्ड आहे, वायरिंग आहे. एकट्यानं चालवताना हे कधीच कळत नाही. मागं माणूस, दोन बॅगा, वर तंबू बांधला आणि एखाद्या गावाच्या वेशीवर बिनरंगाचा स्पीड ब्रेकर आला की टायर घासल्याचा आवाज येतो. माझ्याकडं एक गाडी आली होती तिच्या आतल्या मडगार्डला बशीएवढं भोक पडलेलं, टेललाइटची वायर सोललेली.

म्हणून मी शॉकवरची स्प्रिंग काढायला लावतो, शॉक हातानं पूर्ण दाबून चाक कुठवर जातंय ते डोळ्यानं बघतो, बोटभर जागा राहिली तरच लिंक बसवायची. पुढंबी तेच. फोर्क वर सरकवले की मडगार्ड खालच्या क्लॅम्पच्या जवळ येतं. आणि आपल्या काळ्या मातीचं काय? पावसात रानातून गेलात तर मडगार्ड आणि टायरच्या मधी माती पिठासारखी दाबून बसती, चाक फिरायचं थांबतं. तिथं जागा आधीच कमी असती. ताईंचं काम चांगलं झालंय असं वाचून वाटतंय, पण ताई, ते स्प्रिंग काढून बघितलं होतं का?

परभणी_सहाफूट

माझं दुखणं उलटं म्हणून कुणी विचारत नाही. सहा फूट एक इंच. उभं राहून चालवताना हँडल गुडघ्याजवळ, कंबर वाकलेली, दोन तासात पाठ गेली. रायझर टाकले, म्हणजे हँडल वर उचलणारे ठोकळे, तीस मिलिमीटरचे. टाकणाऱ्यांनी एकच करा, इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणायली, आणि घाटातल्या वळणावर ती वाढलेली रेस तुम्हाला दरीत नेईल. माझी वाढत होती. केबलचा मार्ग बदलला, ब्रेकचा होज मोकळा केला तेव्हा जमलं. लिव्हरबी उभं राहून मनगट सरळ राहील असं खाली फिरवा, याला पाना सोडून काही लागत नाही.

आणि टॉप बॉक्समधी जड सामान नका भरू राव. मागच्या एक्सलच्याबी मागं टांगलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं. पाणी, टूल, ट्यूब खाली बॅगांमधी, बॉक्सात रेनकोट आणि कपडे. एकवीस इंची ट्यूब मात्र सोबतच न्या, लहान गावात पंक्चरवाल्याकडं ती सापडत नाही.

अंबाजोगाईकर_४११

ताई, वजनाचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, मी ७४ किलोचा आहे. ४८ किलोला माझा सल्ला जशाचा तसा लागू होत नाही, हे मान्य. सीट तासताना मी उंची राखून कडा घेतल्या, तुमचा सगळा फोमच काढला, त्यामुळं तीबी तुलना सरळ नाही.

पण ट्रिपच्या बाबतीत मी माझ्या मतावर आहे. रोज किनवटला तुम्ही एकट्या जाता. हिमाचलात स्पितीला जायचं म्हणल्यावर मागं पंचवीस-तीस किलो सामान चढतं, गाडी त्याच वजनानं खाली बसती, म्हणजे जी उंची तुम्हाला नको होती ती सामानच खाऊन टाकतंय. वरून लिंकबी असली तर दोन्ही मिळून पोट दगडाला लागणार, आणि लेथवाले मामा म्हणतात ते मडगार्डचं आहेच. माझं एवढंच म्हणणं, निघायच्या आदल्या आठवड्यात सगळं सामान बांधून एकदा बसून बघा, तेव्हा पाय टेकत असतील तर तेवढ्या ट्रिपपुरती कंपनीची जुनी लिंक परत टाका.

गोदाकाठ_नांदेड

मामा, खरं सांगते, स्प्रिंग काढून बघितलं नव्हतं. मिस्त्रीनं गाडीवर बसून चार उड्या मारल्या आणि घासत नाही म्हणला. रविवारी काढायला लावते.

दादा, सामान बांधून बसून बघते. पण मुक्कामाला पोचल्यावर सामान उतरलं की गाडी परत उंच, आणि मुक्कामाच्या गावात अरुंद गल्लीत, चढावर गाडी वळवणं हेच माझ्यासाठी सगळ्यात अवघड असतंय. त्यामुळं लिंक काढायचं आत्ताच कबूल करत नाही. जागा कमी निघाली तर मामांकडून थोडी आखूड लिंक करून घेते, मधलं काहीतरी.

आणि तुम्ही स्टँडचं लिहिलं म्हणून सांगते, जुनी लिंक टाकायची म्हणलं की कापलेलं स्टँड परत आखूड पडतंय, गाडी डावीकडं लई कलती. मी त्याच्या तळाला पत्र्याचा चौकोनी तुकडा वेल्ड करून घेतलाय, तळहाताएवढा, काळ्या रानात स्टँड खचू नये म्हणून. त्याच्याच खाली नटबोल्टनं अजून एक जाड पट्टी बसवता येईल का मामा? म्हणजे लिंक बदलली की पट्टी लावायची, नाहीतर काढायची.

लातूर_लेथ

येईल. दोन बोल्ट मारा, एकावर पट्टी फिरती, आणि डोकी खालून बसकी ठेवा नाहीतर दगडावर गाडी डुलती. पट्टी किती जाड लागती ते कापलेला तुकडा असेल तर त्याच्यावरून कळेल. फेकला नसेल तर घेऊन या.