प्रत्येक पहाट टिपायलाच हवी का?

सुटीच्या पहाटे छायाचित्रे काढायला न जाता झोपून राहिल्यावर इतरांनी त्याच सकाळी काढलेली छायाचित्रे पाहून होणारी जी हळहळ आपण आपल्या पत्रात मांडली आहे, ती स्वाभाविक आहे. मात्र हुकलेली प्रत्येक संधी सारख्याच मोलाची नसते. एखाद्या ठिकाणाहून खग्रास सूर्यग्रहण सरासरी सुमारे ३७५ वर्षांतून एकदा दिसते, त्यासाठी झोपमोड अवश्य करावी. सूर्योदय मात्र रोजचाच आहे. शिवाय थकवा थेट छायाचित्रात उतरतो: आदल्या रात्रीच्या अंधारासाठी वाढवलेला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० वर तसाच राहतो, क्षितिज कलते आणि एरवी १/६० सेकंदाच्या शटर-वेगाला स्थिर राहणारा हात हलून कडा पुसट होतात (आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते कळतही नाही).

अमेरिकी छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचे फिल्मचे सुमारे २,५०० रोल न धुतलेले होते. टिपण्याची ओढ पाहण्याच्या किती पुढे धावू शकते, याचे हे टोकाचे उदाहरण मला वाटते. हौशी माणसावर तर कोणाचीच सक्ती नाही. म्हणून विश्रांतीच्या दिवशी साठलेल्या फाइली निवांत चाळाव्यात, नको असलेल्या निर्दयपणे काढून टाकाव्यात आणि इतरांची छायाचित्रे निदान संध्याकाळपर्यंत उघडू नयेत, असे मी सुचवेन.