अनुभव धागा: बास गिटारची खरखर कुठून येते आणि ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, कशी लावता?

मंडळी, गिटारवाल्यांचा धागा झाला, तबलेवाल्यांचा तर दोनदा झाला. बासवाले नेहमीप्रमाणे मागे ड्रमच्या शेजारी उभे. आज आपली पाळी.

निमित्त नेहमीचंच. दिवाळी उलटली की फोन सुरू होतात, 'गणपतीत मस्त वाजत होता, आता पहिल्या पाच फ्रेटवर खरखरतोय.' फ्रेट म्हणजे मानेवरच्या, म्हणजे नेकवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या. यात बासचा दोष कमी आणि हवेचा जास्त. पावसाळ्यात लाकूड दमट होतं, नेक तारांच्या ओढीने पुढे वाकतो, तारा उचलल्या जातात. बोटं दुखली की आपण पाना घेऊन सॅडल, म्हणजे बॉडीकडे तार जिच्यावर टेकते ती घोडी, खाली करतो. मग हवा कोरडी पडते, नेक सरळ होतो आणि खाली केलेल्या तारा फ्रेटवर आपटायला लागतात. नेकच्या दुखण्यावर सॅडलचं औषध!

माझी पद्धत सांगतो. पाना हातात घेण्याआधी प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट सावकाश वाजवायचा आणि खरखरेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावायचा. टेप पहिल्या पाच-सहा फ्रेटवर जमली, तर नेक फार सरळ किंवा मागे गेलेला. बाराव्याच्या पुढे जमली, तर तारा फार खाली किंवा नेकला पोट (पुढचा बाक) जास्त. फक्त मोकळी तार खरखरली, तर नट, म्हणजे खुंट्यांजवळची खाचांची पट्टी. एकाच जागी टेप असेल, तर पुढचा एखादा फ्रेट वर आलेला.

पोट मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावतो, शेवटचा फ्रेट बोटाने दाबतो आणि सातव्या-आठव्याजवळ तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघतो. फेंडरच्या साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या (गोलाईच्या) बोर्डला कंपनी ०.०१२ इंच सांगते, म्हणजे साधारण ०.३ मिमी. त्यासाठी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) लागतो. म्युझिकच्या दुकानात शोधत बसू नका, स्कूटरचे टॅपेट लावणाऱ्या मेकॅनिककडे असतो आणि ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतो. ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली सळई, घड्याळाच्या दिशेने फिरवला की नेक मागे, म्हणजे सरळ होतो. पाव फेऱ्याच्या आत थांबायचं, पुन्हा सुरात लावायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. सॅडल सगळ्यात शेवटी. त्याच बोर्डला सतराव्या फ्रेटवर जाड ई तार २.४ मिमी आणि बारीक जी तार २ मिमी वर, हे कंपनीचे आकडे. माझी ई थोडी वरच असते, कारण मी जोरात वाजवतो.

आता तुम्ही लिहा. कुठे खरखरत होता, काय फिरवलंत, हवा कुठली?

खर्जप्रेमी, ठाणे
माझी केस नटची. फक्त मोकळी ए तार झणझणायची, पहिला फ्रेट दाबला की एकदम स्वच्छ. नटमधली खाच झिजून खोल गेली होती. नवा नट बसवेपर्यंत जुनाच उपाय केला. दोन्ही बाजूंना टेप, खाचेत खायचा सोडा दाबून भरला आणि वर पातळ सुपरग्लूचा एक थेंब. जागच्या जागी दगड होतो. डोळे लांब ठेवा, वाफ झोंबते. पुन्हा खाच पाडायला नट फाईल कोणाकडे असते? जुन्या ए तारेचाच तुकडा घेतला, तिचा पीळ कानशीसारखा चालतो. उतार खुंट्यांच्या बाजूला ठेवायचा. तार नटच्या फ्रेटकडच्या कडेवरच टेकली पाहिजे, मागे टेकली तर सतारीसारखी वाजते.

कडाक्याची थंडी, न्यू जर्सी
तुमच्याकडे दिवाळीनंतर होतं ते आमच्याकडे हीटर सुरू झाला की होतं, आणि जोरात. जानेवारीत घरातली हवा इतकी कोरडी की नेक मागे जातोच, वर फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात. खालून वर हात फिरवला की करवतीवरून फिरवल्यासारखं वाटतं. ह्युमिडिफायर लावून खोली ४५ ते ५० टक्क्यांवर ठेवायला लागल्यापासून ट्रस रॉडला वर्षातून दोनदाच हात लागतो, हीटर सुरू झाल्यावर आणि बंद झाल्यावर. टोकांना मी कानस लावलेली नाही. उन्हाळ्यात ती परत आत जातात.

मांडवीकाठ, पणजी
आमचं उलटं आहे. लग्नाच्या सीझनला उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात वाजवायचं. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या शेजारी उभं राहिल्यावर खरखर ऐकतोय कोण? आमची डोकेदुखी म्हणजे सॅडलचे स्क्रू. खारी हवा आणि हाताचा घाम, दोन सीझनमध्ये गंजून बसतात. जोर लावला की चावीचा खड्डाच गोल होतो, मग संपलं. शिवणाच्या सुईच्या टोकावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब घेऊन स्क्रूच्या मुळाशी सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी आधी जरासा घट्ट करून मग सैल करा. सुटतो.

तंतकरी, मिरज
गंमत वाटली धागा वाचून. आमच्या गावात लोक खरखर विकत घ्यायला येतात! तंबोऱ्याची जवारी म्हणजे दुसरं काय? घोडीचा माथा इतक्या हलक्या उताराने घासायचा की तार सुटताना त्याला चाटत गेली पाहिजे. मग खाली सूत सरकवून नेमकी जागा शोधायची. केसभर इकडे-तिकडे झालं की आवाज बंद होतो किंवा फुटतो.

मी स्वतः फ्रेटलेस (बिनफ्रेटचा) बास वाजवतो, आणि तिथे हेच ज्ञान उलट्या बाजूने कामाला येतं. फ्रेटलेसचा तो गाणारा, नाकातला सूर तार लाकडाला चाटत गेल्यानेच येतो. म्हणून नेक जवळजवळ सरळ, पोट नावाला आणि तारा खाली. फ्रेटवाल्या बासला ही मापं लावली तर मात्र वैताग येईल. घरातली जुनी माणसं जवारी बघताना कान तारेजवळ नेत नाहीत, लांब बसून ऐकतात. बासचंही तसंच करा. वाजवणाऱ्याला छातीशी जे ऐकू येतं ते समोरच्याला येत नाही.

मागच्या रांगेतला, नाशिक
तेच म्हणतो. ॲम्पमधून येतेय का ते आधी बघा. येत नसेल तर वाजवा गुपचूप.

धागाकर्ता
@मागच्या रांगेतला, अर्धं मान्य. पण ॲम्पमधून खरखर आली नाही तरी सूर लवकर मरतो. लांबवलेल्या स्वरात ते कळतंच, रेकॉर्डिंगला तर नक्की.

नववा फ्रेट, पुणे
एकाच जागची खरखर. डी तार, नववा फ्रेट, बाकी सगळं स्वच्छ. एटीएम कार्डाची सरळ कड नऊ, दहा, अकरा अशा तीन फ्रेटवर टेकवली, तर ती दहाव्यावर डुगडुगली. म्हणजे दहावा वर. नायलॉनच्या हातोडीने ठोकला की बसायचा, पण हवा बदलली की पुन्हा उचलायचा. शेवटी कारागिराने खाली ग्लू सोडून, क्लॅम्प लावून बसवला आणि वरून घासून शेजाऱ्यांच्या पातळीला आणला. हे काम घरी नको. घासलेला फ्रेट परत वाढत नाही.

चार-पाच तारा, बंगळूर
दोन गोष्टी. पहिली, ४५-१०५ जाडीच्या (इंचाच्या हजारांशात) तारांचा संच काढून ४०-९५ लावला की ओढ कमी होते, नेक मागे जातो आणि खरखर सुरू. मग लोक म्हणतात नव्या तारा खराब. दुसरी पाचव्या तारेची. खालचा बी म्हणजे ३१ हर्ट्झच्या आसपास, चौतीस इंची स्केलवर (नट ते सॅडल लांबीवर) ती तार ढिलीच असते आणि मोठा झोका घेते. तिला इतरांपेक्षा थोडी वर ठेवावीच लागते. पस्तीस इंची स्केलवर फरक जाणवतो.

शोधाशोध, कोल्हापूर
माझी खरखर फ्रेटची नव्हतीच. जी तारेवर सातव्या फ्रेटचा डी वाजला की झीं. वरच्या डीलासुद्धा. वाजवत वाजवत भावाला एकेक पार्ट दाबायला लावला, सॅडलच्या मागची स्प्रिंग दाबली आणि आवाज गायब. स्प्रिंगमध्ये फोमचा तुकडा घातलाय.

जुना साचा, डोंबिवली
ज्यांच्या बासच्या ट्रस रॉडचं तोंड बॉडीच्या बाजूला आहे त्यांच्यासाठी. नेक सोडवल्याशिवाय पाना बसत नाही. तारा ढिल्या, चार स्क्रू, फेरा, पुन्हा सगळं बसव, सुरात लाव, माप घे. म्हणून तसल्या बासला मी पावसाळ्यात हात लावत नाही, उंच ॲक्शन सहन करतो. आणि चाव्या बघून घ्या. अमेरिकन बासला बऱ्याचदा इंची ॲलन की लागते, जपानी-इंडोनेशियनला मिलिमीटरची. 'जवळपास बसतेय' म्हणून घातलेली चावी ट्रस रॉडच्या टोकाचा, फिरवायचा नट खाते. इंची संच हार्डवेअरवाल्याकडे मागवून ठेवायला सांगावा लागतो.

हो, आणि सॅडल वर-खाली केल्यावर बाराव्या फ्रेटचा सूर ट्यूनरवर पुन्हा बघा. दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा आला तर सॅडल मागे, उतरा आला तर पुढे.