साडेतीन वर्षांच्या मुलीला भातुकली द्यावी की खरे मटार?

मनीमाऊ: लेक दिवसभर खोटा चहा करते, आपण फुर्र करून प्यायला नाही तर रुसते. बालवाडी मॉन्टेसरी पद्धतीची, म्हणजे मुलांनी साधनं हाताळून, खरी कामं करून शिकायचं. तिथल्या ताई म्हणतात, "घरी भातुकली देऊ नका, खरे मटार सोलायला द्या." मला अजिबात पटलेलं नाही. दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं मूल याच खेळातून शिकतं. मी तर जुन्या ओढण्या, रिकामे डबे, बंद पडलेला फोन असं खोकं मुद्दाम भरून ठेवलंय. तुमच्याकडे काय करता?

खडूफळा: मी ताईंच्या बाजूचा. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हा तिथे चांगली खेळणीही ठेवली होती. मुलं तिकडे फिरकेनात. त्यांना साधनं हाताळायची होती, खरी कामं करायची होती. तुमची लेक खोटा चहा का करते? गॅसपाशी तिला कोणी उभं करत नाही म्हणून. विळी आणि गॅस सोडून बाकी सगळं द्या की: कोथिंबीर निवडणं, ताटं मांडणं, कणकेचा गोळा. खोटा चहा आपोआप कमी होईल.

उंबरठा: पण तो कमी का व्हावा? रशियन मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्कीने १९३३ मध्ये खेळावर व्याख्यान दिलं होतं, त्यातलं काठीच्या घोड्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. काठीला घोडा म्हणताना मूल वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करायला शिकतं. कागदावरची रेघ म्हणजे 'क', हे तरी दुसरं काय आहे? शिवाय खेळात नियम असतात. माझा भाचा जेवायला पाच मिनिटं टेकत नाही, पण 'दवाखाना' खेळताना नंबर येईपर्यंत निमूट बसतो, कारण पेशंट बसतात! मटार सोलून हे होणार नाही.

पुरावा_दाखवा: दोन्हीकडचे फारच ठाम बोलताहेत. मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या संशोधनपत्रिकेत अशा खोट्या-खोट्या खेळावरचं तोवरचं संशोधन तपासलं. या खेळामुळेच सर्जनशीलता किंवा बुद्धी वाढते, असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. भाषा आणि गोष्ट सांगणं यांबाबत त्यांनी प्रश्न खुला ठेवला. पुढे याच गटाने मुलांना विचारलं, खरं काम आवडेल की त्याचं सोंग? बहुतेकांनी खरं काम निवडलं.

मनीमाऊ: लिलार्डबाई मॉन्टेसरी पद्धतीच्या जुन्या अभ्यासक, हेही लिहा की मग. आणि मी बुद्धी वाढावी म्हणून खोकं भरलेलं नाही. तिला मजा येते, एवढं पुरेसं नाही का?

अंगणवाडीवाली: पालघर जिल्ह्यात काम करते. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. मॉन्टेसरी पद्धत उचलली, पण गोष्टी आणि नाटुकली सोडली नाहीत. ताराबाई मोडक तिथेच तयार झाल्या. पुढे बोर्डी-कोसबाडला त्यांनी महागड्या साधनांच्या जागी शंख, बिया, खडे आणले. आमच्या पाड्यावरच्या मुलांना खरी कामं कमी नाहीत. पाणी आणतात, धाकट्याला कडेवर घेऊन हिंडतात. तीच मुलं अंगणवाडीत आली की चिंचोक्यांचा बाजार मांडतात आणि फडक्याचं बाळ करून त्याला जोजवतात. खडूफळा म्हणतात ते बरोबर असतं, तर घरी खरं बाळ असताना यांना फडक्याचं कशाला लागलं असतं?

खडूफळा: हा मुद्दा तगडा आहे, मान्य. पण मग ती न सांगताच खेळताहेत ना? प्रोत्साहन कशाला? माझा खरा राग मोठ्यांच्या लुडबुडीवर आहे. दिवाळीतला किल्ला बघा. बाबा व्हिडिओ बघून राजगड रचणार, अळीव आई पेरणार, पोरगं फोटोपुरतं! त्यापेक्षा तयार प्लॅस्टरचा किल्ला तरी प्रामाणिक म्हणायचा.

मनीमाऊ: लुडबुड वेगळी, जागा देणं वेगळं. दोन खोल्यांच्या घरात मांडलेला डाव चार दिवस न आवरता तसाच ठेवणं, हे करून बघा. पाहुणे येणार असतील तेव्हा तर नक्कीच.

पुरावा_दाखवा: कणकेच्या गोळ्याचं काय झालं? ते खरं काम की खेळ? आमच्याकडे लाटायला दिला की त्याची आधी मांजर होते, मग साप, आणि शेवटी बाबांना सक्तीची पोळी.

उंबरठा: म्हणूनच ही वाटणी मला पटत नाही. मनीमाऊ, खोकं राहू द्या, पण शेजारचं पोर बोलवा. आपण चहा पितो तो तिचं मन राखायला. बरोबरीचं पोर "मला साखर कमी दिलीस" म्हणून भांडतं, आणि दुकानदार कोण, गिऱ्हाईक कोण हे ठरवण्यातच अर्धा तास जातो. माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच अर्धा तास. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये मुलांनी मांडलेलं दुकान वॉचमनला सांगून उठवतात. त्यावर इथे कोणाला काही करता आलंय का?